मारित एमस्टाड

मारित गुल्डसेटब्रेना एमस्टाड (१८४१ – १९२९) या नॉर्वेतील सेल्बू परिसरातील लोकरीचे विणकाम करणाऱ्या कारागीर होत्या. पांढऱ्या व काळ्या लोकरीत विणलेला आठ पाकळ्यांचा गुलाब आज 'सेल्बू गुलाब' म्हणून ओळखला जातो. हातमोजे, टोप्या व स्वेटर यांवरील या नक्षीच्या परंपरेचा आरंभ मारित यांच्यापासून मानला जातो.

जीवन

सेल्बू हा ट्रॉन्डहाइम शहराच्या आग्नेयेस असलेला, सरोवराकाठचा डोंगराळ भाग आहे. तेथील पुरुष शेतीच्या जोडीने खाणीतून जात्याचे दगड काढीत. हा धंदा मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला. गुरे, मेंढ्या आणि लोकर यांची कामे मुख्यतः स्त्रियांकडे असत. मारित यांचा जन्म या परिसरात १८४१ साली झाला. नॉर्वेच्या ग्रामीण भागात माणूस ज्या शेतवाडीवर राही, तिचेच नाव आडनाव म्हणून लावले जाई. मारित यांची गुल्डसेटब्रेना व एमस्टाड ही दोन्ही नावे अशीच स्थळांवरून आलेली आहेत.

१८५७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी दुरंगी नक्षीचे हातमोज्यांचे तीन जोड विणले. ते घालून त्या आपल्या दोन बहिणींसह चर्चमध्ये गेल्या. विखुरलेल्या वस्त्यांमधील माणसे एकत्र येण्याचे ते मुख्य ठिकाण होते. आपल्याकडे जत्रेत किंवा आठवडी बाजारात नवे लुगडे जसे साऱ्या पंचक्रोशीच्या नजरेत भरते, तसेच तेथे झाले. पाहता पाहता ही नक्षी घरोघर विणली जाऊ लागली.

आठ टोकांची चांदणी ही आकृती मारित यांच्याही आधी कित्येक शतके अनेक देशांच्या वस्त्रांवर व भरतकामात आढळते. त्यामुळे त्यांना आकृतीच्या जनक म्हणणे योग्य होणार नाही. परंतु ती दोन रंगांच्या लोकरीत हातमोज्यावर उतरवून गावाला तिची गोडी लावण्याचे श्रेय त्यांना दिले जाते आणि ते लहान नाही. घरगुती स्त्रीकामाच्या इतिहासात करणारीचे नाव सहसा उरत नाही. येथे ते उरले आहे.

विणीचे तंत्र

या विणीत एका ओळीत दोनच रंग वापरतात. ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागच्या बाजूने मोकळा नेला जातो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील हिमरूच्या शालीची उलटी बाजू ज्यांनी पाहिली असेल त्यांना मागे सुटणाऱ्या धाग्यांची कल्पना येईल, मात्र हिमरू मागावर विणतात आणि हे काम सुयांवर होते. मागच्या धाग्यांमुळे कापड जणू दुहेरी होते व ऊब वाढते. ही नक्षी थंड प्रदेशात रुजण्याचे हेही एक कारण आहे.

साध्या विणकामात टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चौकटीच्या कागदावर काढलेले फूल लोकरीत बसके दिसते. दुरंगी विणीत टाका जवळजवळ चौरस होतो आणि पाकळ्या प्रमाणात राहतात. फूल चारही बाजूंनी सारखे असल्याने एक चतुर्थांश भाग ध्यानात ठेवला तरी उरलेला विणता येतो.

टोपी गोलाकार विणतात. मागचे धागे ओढले गेले तर ती आकसते आणि डोक्यात बसत नाही. नवख्यांची ही नेहमीची चूक आहे. दोन रंगांत अंतर जास्त असेल तेथे मागचा धागा मध्येच दुसऱ्या धाग्यात गुंतवून घ्यावा लागतो. माथ्याकडे टाके आठ ठिकाणी सारखे घटवीत गेल्यास टोपीच्या टोकाशी आपोआप आठ पाकळ्यांची आकृती उमटते.

प्रसार

सेल्बूमध्ये लग्नप्रसंगी वधूकडून पाहुण्यांना हातमोजे देण्याची प्रथा पडली. पुरुषांच्या व स्त्रियांच्या मोज्यांची मनगटाकडील वीण वेगळी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मोजे गावाबाहेर विकले जाऊ लागले आणि घरातील स्त्रियांच्या हाती पैसा येऊ लागला. पुढे स्कीइंगच्या वाढत्या आवडीमुळे मागणी वाढली. मालाचा दर्जा टिकावा म्हणून १९३४ साली सेल्बूमध्ये विक्रीची मध्यवर्ती व्यवस्था उभी राहिली, पण ती पाहण्यास मारित नव्हत्या. त्यांचे निधन १९२९ साली झाले. त्याच वर्षी आनिकेन सिबर्न यांचे नॉर्वेतील विणकामाच्या नक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५२ साली त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि या नक्ष्या परदेशी विणणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. सेल्बूच्या स्थानिक संग्रहालयात या हातमोज्यांचा संग्रह आहे.