मिलार्ड फिलमोर

मिलार्ड फिलमोर (७ जानेवारी, इ.स. १८०० – ८ मार्च, इ.स. १८७४) हे अमेरिकेचे १३वे राष्ट्राध्यक्ष होते. त्यापूर्वी ते न्यू यॉर्क राज्याचे लेखानियंत्रक होते व या पदावर जनतेच्या मतांनी निवडून आलेली पहिली व्यक्ती होते. राष्ट्राध्यक्ष म्हणून इतिहासकारांनी त्यांना फारसे गुण दिलेले नाहीत. लेखानियंत्रकपदाची त्यांची अल्प कारकीर्द मात्र अधिक अभ्यासण्याजोगी आहे.

प्रारंभिक जीवन

फिलमोर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील कायुगा परगण्यात, ओंडक्यांच्या घरात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच वडिलांनी त्यांना कापडाच्या धंद्यात उमेदवारीला ठेवले. त्या करारातून ३० डॉलर भरून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. उशिरा मिळालेल्या शालेय शिक्षणात ॲबिगेल पॉवर्स या त्यांच्या शिक्षिका होत्या. पुढे १८२६ मध्ये त्यांच्याशीच फिलमोर यांचा विवाह झाला. व्हाइट हाउसमधील ग्रंथालयाचा पाया याच ॲबिगेलबाईंनी घातला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८२३ मध्ये फिलमोर वकील झाले व पुढे बफेलो येथे स्थायिक झाले. राज्य विधिमंडळात असताना कर्जबाजारी माणसाला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद करणाऱ्या १८३१च्या कायद्यात त्यांचा मोठा वाटा होता. नंतर ते व्हिग पक्षातर्फे अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले. तेथे अर्थविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १८४२चा जकात कायदा तयार केला. १८४४ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत सायलस राइट यांनी त्यांचा पराभव केला.

लेखानियंत्रकपदाची निवडणूक

न्यू यॉर्कमध्ये लेखानियंत्रकाचे पद १७९७ मध्ये निर्माण झाले. राज्याचा जमाखर्च तपासणे व देयके मंजूर करणे ही त्याची मुख्य कामे. पुढे बँकांवरील देखरेखही त्याच्याकडे आली. प्रारंभी या पदावरील व्यक्ती मतदार निवडत नसत. कालव्यांच्या बांधकामामुळे राज्यावर कर्जाचा मोठा बोजा चढला, तेव्हा १८४६च्या नव्या राज्यघटनेने कर्ज काढण्यावर बंधने घातली आणि लेखानियंत्रकासह अनेक पदे थेट मतदानाने भरण्याची तरतूद केली. भारतात नियंत्रक व महालेखापरीक्षकाची नेमणूक राष्ट्रपती करतात, त्यामुळे हिशेब तपासणाऱ्याने मते मागत फिरावे ही कल्पना आपल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. ज्याने सत्ताधाऱ्यांचा हिशेब तपासायचा, तो सत्ताधाऱ्यांच्या नव्हे तर जनतेच्या मर्जीतला असावा, असा या व्यवस्थेमागील विचार होता.

१८४७ मध्ये ही निवडणूक प्रथमच झाली. डेमोक्रॅटिक पक्ष तेव्हा दुभंगलेला होता. दीर्घकाळ लेखानियंत्रक असलेले व काटकसरीसाठी नावाजलेले अझराया फ्लॅग यांना डावलून पक्षाने ऑरव्हिल हंगरफोर्ड यांना उमेदवारी दिली. फिलमोर सुमारे ३८,००० मतांनी विजयी झाले. न्यू यॉर्क राज्यात व्हिग उमेदवाराने राज्यव्यापी निवडणुकीत मिळवलेले हे सर्वांत मोठे मताधिक्य होय. त्याचे श्रेय काही अंशी विरोधकांच्या फाटाफुटीलाही द्यावे लागते.

१ जानेवारी १८४८ रोजी फिलमोर यांनी ऑल्बनी येथे कार्यभार स्वीकारला. त्या काळी निरनिराळ्या बँका आपापल्या नोटा काढत आणि बँक बुडाली की नोट जवळ असलेला सामान्य माणूस नागवला जाई. बँकांनी नोटांच्या किमतीइतके राज्याचे व केंद्र सरकारचे रोखे तारण ठेवावेत, असा दंडक फिलमोर यांनी आणला. यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसने राष्ट्रीय बँकांसाठी याच धर्तीची व्यवस्था स्वीकारली.

मात्र जनतेने दिलेले हे पद फिलमोर यांनी पूर्ण मुदत सांभाळले नाही. जून १८४८ मध्येच पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. निवडून आल्यावर फेब्रुवारी १८४९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व विधिमंडळाने वॉशिंग्टन हंट यांना त्यांच्या जागी नेमले. म्हणजे पहिल्या लोकनियुक्त लेखानियंत्रकाचा उत्तराधिकारी पुन्हा विधिमंडळानेच निवडला!

राष्ट्राध्यक्षपद

९ जुलै १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांचे निधन झाले व फिलमोर त्या पदावर आले. उत्तर व दक्षिणेतील राज्यांत समेट घडवण्यासाठी त्यांनी १८५०च्या तडजोडीच्या कायद्यांवर स्वाक्षऱ्या केल्या. पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदा त्यांतच होता. व्यक्तिशः गुलामगिरी नापसंत असूनही त्यांनी तो कठोरपणे राबवला. संघराज्य वाचवण्याची ती किंमत आहे असे ते मानत; पण ती किंमत मोजावी लागली गुलामांना. उत्तरेकडील मतदारही त्यांच्यावर रुष्ट झाले. १८५२ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. कमोडोर पेरी यांची जपान मोहीम त्यांच्याच कारकिर्दीत रवाना झाली.

अखेरची वर्षे

पद सोडल्यावर काही आठवड्यांतच ॲबिगेल यांचे निधन झाले, तर पुढच्या वर्षी कन्येचे. १८५६ मध्ये स्थलांतरितविरोधी नो-नथिंग पक्षातर्फे त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. केवळ मेरिलँड राज्य त्यांच्या बाजूने राहिले. १८५८ मध्ये त्यांनी कॅरोलाइन मॅकिन्टॉश यांच्याशी विवाह केला. बफेलो विद्यापीठाचे ते १८४६ पासून अखेरपर्यंत कुलपती होते. ८ मार्च १८७४ रोजी बफेलो येथे त्यांचे निधन झाले व तेथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.