लहान काडतुसाचा कारागीर : डॅनियल वेसन

रिव्हॉल्व्हर म्हटले की आपणां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे रहस्यकथेतील गुप्तहेर, नाही तर रुपेरी पडद्यावरील खलनायक उभा राहतो. ‘स्मिथ अँड वेसन’ हे जोडनावही अशा कथांतूनच आपल्या कानी पडलेले असते. त्यांपैकी वेसन हा गृहस्थ कोण होता, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. शस्त्रांचे गोडवे गावेत हा आमचा हेतू नाही. हाती असलेल्या साधनाची मर्यादा नेमकी ओळखून तिच्याच आधारावर उभ्या राहिलेल्या एका कारागिराची ही हकीकत आहे. आणि त्याच्या वैभवात दुसऱ्या एका माणसाचा वाटा किती होता, हा प्रश्नही तिच्यात गुंतलेला आहे.

डॅनियल बेअर्ड वेसन यांचा जन्म 18 मे 1825 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर येथे झाला. वडील शेती करीत व लाकडी नांगर बनवीत. थोरले बंधू एडविन मात्र नेमबाजीच्या उत्तम रायफली घडविण्यात नावाजलेले होते. अठराव्या वर्षी डॅनियल त्यांच्याच हाताखाली उमेदवारीस राहिले. 1847 साली सिंथिया हॉज या तरुणीशी त्यांचा विवाह ठरला, तेव्हा बंदुका घडविणाऱ्यास भवितव्य ते काय, अशा विचाराने मुलीच्या वडिलांनी नकार दिला. दोघांनी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात जाऊन लग्न उरकले. पुढे दोनच वर्षांत एडविन कर्ज मागे ठेवून वारले आणि दुकान धनकोंच्या घशात गेले. एडविन यांच्या रचनेचे रिव्हॉल्व्हर काढणाऱ्या कंपनीवर सॅम्युएल कोल्ट यांनी पेटंटभंगाचा दावा लावला व 1851 साली तो जिंकला. हातातील कसबाइतकाच पेटंटाचा कागदही मोलाचा असतो, हा धडा तरुण वेसन यांना घरातच मिळाला.

1852 च्या सुमारास त्यांनी होरेस स्मिथ यांच्याशी भागीदारी केली. स्मिथ वयाने सोळा वर्षांनी मोठे व स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत मुरलेले होते. दोघांनी मिळून एकामागून एक गोळ्या झाडणारे एक पिस्तूल सिद्ध केले. पण त्याच्या गोळीच्या पोकळीतच दारू भरलेली असे, ती अगदी थोडी मावे, आणि त्यामुळे मारा दुर्बळ पडे. धंदा बसला नाही. 1855 साली त्यांनी तो एका नव्या कंपनीस विकला. पुढे रायफलींमुळे प्रसिद्धीस आलेले ऑलिव्हर विंचेस्टर हे त्या कंपनीचे एक भागधारक होते.

त्या काळी रिव्हॉल्व्हर भरणे हे चिकाटीचे काम होते. फिरत्या नळकांड्याच्या प्रत्येक खणात समोरून दारू ओतायची, गोळी ठासायची आणि मागे स्फोटक टोपी बसवायची. पाऊस लागला की सारेच व्यर्थ. फ्रान्समधील फ्लोबेर यांनी 1845 च्या सुमारास तांब्याच्या टोपीतच छर्रा बसवून घरगुती नेमबाजीसाठी इवलेसे काडतूस केले होते. स्मिथ आणि वेसन यांनी ती टोपी लांबवली, तिच्यात काळी दारू भरली आणि तळाच्या दुमडलेल्या काठात स्फोटक मसाला बसवला. घोडा त्या काठावर आपटला की काठ चेपून मसाला पेटे. ‘रिमफायर’ म्हणजे काठावर आघात होऊन उडणारे काडतूस, ते हेच.

या रचनेत एक अडचण जन्मजातच होती. घोड्याच्या आघाताने काठ चेपायचा तर तांब्याचा पत्रा पातळ हवा; पत्रा पातळ म्हटला की आतील स्फोटाचा दाब बेताचाच हवा. मोठे काडतूस करू जाता ते फाटण्याचे भय. वेसन यांनी हट्ट धरला नाही. त्यांनी 0.22 इंच व्यासाची, दोन ग्रॅमहूनही हलकी गोळी आणि जेमतेम पाव ग्रॅम दारू एवढ्यावरच भागविले, आणि त्या काडतुसाच्या मापाने पिस्तूल घडविण्यास घेतले.

नळकांड्याची भोके आरपार पाडून मागच्या बाजूने काडतूस भरण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हती. तिचे पेटंट 3 एप्रिल 1855 रोजी रॉलिन व्हाइट नावाच्या कारागिरास मिळाले होते. 1856 च्या अखेरीस वेसन यांनी त्यांच्याशी करार केला. दर रिव्हॉल्व्हरमागे व्हाइट यांना 25 सेंट मिळावयाचे; पण कोणी पेटंटाचा भंग केल्यास कोर्टात लढायचे ते व्हाइट यांनी, स्वतःच्या खर्चाने.

1857 साली पहिले नमुने बाजारात आले. चांदीचा मुलामा दिलेला पितळी सांगाडा, शिसवीसारख्या गडद लाकडाची मूठ, सात गोळ्या. नळी बिजागरीवर वर उचलायची, नळकांडे काढून घ्यायचे आणि नळीखालच्या खिळ्याने रिकामी टोपणे ढकलून टाकायची. त्याच साली आपल्याकडे दातांनी फाडावयाच्या कागदी काडतुसांवरून उठावाची ठिणगी पडली होती, हे आठवले म्हणजे धातूच्या त्या चिमुकल्या काडतुसाने केवढी मजल मारली होती ते ध्यानात येते.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ह्या लहान पिस्तुलाला सरकारने हात लावला नाही. परंतु आघाडीवर निघालेले शिपाई पदरमोड करून ते खिशात बाळगू लागले. मागणी पुरी करणे कारखान्यास जड जाऊ लागले. 1882 पर्यंत तीन आवृत्त्यांत मिळून अडीच लाखांहून अधिक नग निघाले.

व्हाइट यांची कथा निराळी झाली. नक्कल करणाऱ्यांशी दावे लढता लढता त्यांची मिळकत कोर्टकचेऱ्यांत विरली. 1869 साली पेटंटाची मुदत संपली. मुदतवाढीचे विधेयक संसदेने संमत केले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी 1870 साली ते नाकारले. त्या वेळी मांडलेल्या हिशेबानुसार व्हाइट यांच्या वाट्यास सत्तर हजार डॉलरांच्या आसपास रक्कम आली होती, आणि भागीदारांस दहा लाखांवर नफा झाला होता. करारात लबाडी नव्हती. व्हाइट यांनी तो राजीखुशीने केला होता. तथापि, जोखीम एकाची आणि फळ दुसऱ्याचे, असे त्याचे स्वरूप होते, हे वेसन यांच्या गुणांवर लुब्ध होऊनही आम्हांस विसरता येत नाही.

पेटंट सरताच स्वस्त नकलांचा सुळसुळाट झाला. वेसन तोवर मोठ्या, मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसांकडे वळले होते. 1871 साली त्यांना रशियाकडून वीस हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी आली. 1873 साली स्मिथ निवृत्त झाले. तरी वेसन यांची लहान काडतुसावरची माया आटली नाही. 1902 साली, त्यांच्या हयातीतच, ‘लेडीस्मिथ’ हे सात गोळ्यांचे नाजूक 0.22 रिव्हॉल्व्हर निघाले. 1921 पर्यंत त्याचे सुमारे 26 हजार नग झाले.

आज संग्राहक ही पिस्तुले जिवापाड जपतात. पहिल्या आवृत्तीचे नग बारा हजारांहूनही कमी. सांगाड्याच्या गोलसर कडा पाहून जाणकार ते ओळखतात. दुसऱ्या आवृत्तीच्या बाजू सपाट आहेत, तर तिसरीत गोल नळी आली. समंजस संग्राहक त्यांतून आजचे काडतूस उडवीत नाही. ते धातू काळ्या दारूच्या मंद दाबासाठी होते. नेमबाजीची हौस तो नव्या 0.22 रिव्हॉल्व्हरवर भागवितो. धक्का कमी, आवाज बेताचा, काडतूस स्वस्त. त्यामुळे डोळा न मिटता शंभर गोळ्यांचा सराव होतो आणि हाताचा खरा दोष नजरेस येतो. त्या आद्य काडतुसाच्याच कुळातील लांबट काडतुसावर आजची स्पर्धात्मक नेमबाजी चालते. 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्निल कुसाळे या कोल्हापूरच्या मातीतील दोघांनीही लक्ष्य वेधले ते ह्याच 0.22 च्या गोळीने. एकाने पिस्तुलातून, दुसऱ्याने रायफलीतून.

वेसन यांचे निधन 4 ऑगस्ट 1906 रोजी स्प्रिंगफील्ड येथे झाले. सिंथियाबाई त्यांच्या आधी काही आठवडेच गेल्या होत्या. ज्या जावयाला भवितव्य नाही असे त्यांच्या वडिलांना वाटले होते, त्याच्या घरात त्यांनी जवळजवळ साठ वर्षे संसार केला. उतारवयात वेसन यांनी आपले जुने राहते घर रुग्णालयासाठी दिले, आणि पुढे एक मोठे रुग्णालय व एक प्रसूतिगृह बांधण्यास भरघोस पैसा दिला. 1976 साली या संस्था एका मोठ्या वैद्यकीय केंद्रात विलीन झाल्या, तरी तेथील प्रसूती विभागाने वेसन हे नाव सांभाळले. जगाला ते पिस्तुलावर दिसते. स्प्रिंगफील्डच्या कित्येक मातांनी मात्र ते पाळण्याजवळच्या भिंतीवर वाचले आहे.