बाबासाहेबांनी धम्म का दिला?



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरून त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. निवडणुकीत हरलेला हा महापुरुष मते मोजत बसला नाही, माणूस घडवायच्या कामाला लागला.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात भजन, पाठ नेमाने चालत. पण शाळेत या मुलाला नळाला हात लावायची सोय नव्हती. देव मानणारेच माणसाला पाणी देत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडचे तळे, २ मार्च १९३० पासून नाशिकचे काळाराम मंदिर आणि शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा.

आम्ही गिरणीत हयात घातली, म्हणून एक गोष्ट आम्हांला जास्त टोचते. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या साचाखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो म्हणे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मालक एक, भूक एक, तरी शेजारचा कामगार आपल्याला माणूस मानत नव्हता. संघटनेने पगार वाढतो, मन कशाने बदलणार?

धर्म सोडून नुसत्या माणुसकीवर थांबणारे विद्वान तेव्हाही होते. बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. कायद्याने अस्पृश्यता गुन्हा ठरते, बंधुभाव येत नाही. त्याला नीतीचं बळ पाहिजे आणि ती नीती सर्वांनी पवित्र मानली पाहिजे, हे त्यांचं मत. येवल्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघालेल्या बुद्ध व धम्मावरील ग्रंथात ईश्वराला जागा नाही. माणसाने माणसाशी कसं वागावं, हाच तिथे धम्म.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. पोरगं आजारी पडलं की काही घरी अजून गुपचूप नवस होतो. दुसरीकडे, रोज वंदना म्हणणारा शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरतो. पहिल्याने बुद्धी सोडली, दुसऱ्याने मैत्री. दोघांनीही बाबासाहेबांचा धम्म अर्धाच घेतला. विहाराच्या या वर्धापनदिनी उरलेला अर्धा घरी नेऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!