विश्लेषण : एका दौऱ्यात ११४ बळी, तरीही कर्णधारपद नाही… कोण होते बाळू पालवणकर?

नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला १९३०मध्ये. त्याच्या सुमारे तीन दशके आधी पुण्याच्या क्रिकेट मैदानावर हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर.

महिना चार रुपये

बाळूंचा जन्म १८७६मध्ये धारवाडचा, चर्मकार समाजातला. पुण्यातील पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर फिरवण्यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ते चार रुपयांवर लागले. तेथे इंग्रज खेळाडूंच्या सरावासाठी ते तासन् तास गोलंदाजी करत. त्यातूनच त्यांचा अचूक टप्पा तयार झाला. फलंदाजीची संधी मात्र मिळत नसे.

चेंडूचा विटाळ नाही, चहाचा का?

युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेतच, हे पुण्याच्या हिंदू संघाला पटले. सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू घेत. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाची पंगतही वेगळी. त्यांनी सामने जिंकून दिले, तसे हे निर्बंध सैल होत गेले.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

नंतर ते मुंबईत आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट सुरू झाले. १९०६मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले.

कर्णधारपद का नाही?

हिंदू संघाचे नेतृत्व सवर्ण खेळाडूंकडेच राहिले. १९२०मध्ये अन्यायाच्या निषेधार्थ बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. तडजोडीत बाळूंना उपकर्णधार केले गेले. अखेर १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक

१९३७मध्ये बाळू मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि थोड्या मतांनी हरले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. भारताला कसोटी दर्जा १९३२मध्ये मिळाला, तेव्हा त्यांची कारकीर्द संपलेली होती. त्यामुळे कसोटीच्या नोंदींत त्यांचे नाव सापडत नाही.