कौल मानणारा नेता

सार्वजनिक जीवनातील सचोटी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पैशाचा हिशोब येतो. सरकारी तिजोरीला ज्याचा हात लागला नाही, तो पुढारी सचोटीचा, असे आपण धरून चालतो. परंतु याहून अवघड अशी आणखी एक परीक्षा आहे. ज्या मतासाठी पक्ष उभा केला, तेच मत लोकांनी नाकारले तर पुढारी कसा वागतो, ही ती परीक्षा. गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजेच सर्वांचे भाऊसाहेब, यांना ती १९६७ साली द्यावी लागली.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्याचा. पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडील तालुका. तेरेखोलची नदी ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख लागतो. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तत्पूर्वी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. जुन्या काबिजादीतील धर्मांतराची धामधूम तोवर ओसरली होती. त्यामुळे या बाजूची देवळे जागच्या जागी राहिली, आणि पोथी, कीर्तन व दशावतार यांच्या आधाराने मराठीही टिकून राहिली. भाऊसाहेबांची जडणघडण या वातावरणातली होती.

ते गोमंतक मराठा समाजातले. जमीनजुमल्याचा वा उच्च कुळाचा वारसा त्यांच्यापाशी नव्हता. व्यापारउदीम करीत ते स्वतःच्या हिमतीवर खाणमालक झाले. हाती पैसा आला तेव्हा शाळा, खेळ, संगीत यांसाठी तो त्यांनी सढळपणे दिला. राजकारणात येण्यापूर्वीच खेड्यापाड्यांतील माणसे त्यांना दाता म्हणून ओळखीत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली. भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने तीसपैकी चौदा जागा जिंकल्या. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीस उभे नव्हते. मुख्यमंत्रिपद आल्यावर ते मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत गेले.

त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज अमलात जी घरे अक्षरापासून दूर राहिली होती, त्यांतील मुले पाटी घेऊन बसू लागली. १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि भाटकाराच्या खंडाला मर्यादा घातली. स्वतः धनिक असलेल्या माणसाच्या सरकारने मालकाचा नव्हे, कुळाचा कैवार घ्यावा, ही गोष्ट पेडणे-डिचोलीकडील शेतकरी विसरला नाही.

पक्षाचे मुख्य ध्येय मात्र वेगळेच होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, यासाठी तो पक्ष जन्मास आला होता. विलीनीकरण हा शब्द संस्थानी मुलखातील वाचकांना समजावून सांगावयास नको. बडोदे आणि कोल्हापूर ही संस्थाने १९४९ मध्ये मुंबई प्रांतात गेली, ती करारावरील सहीने. प्रजेचे मत त्यासाठी मोजले गेले नव्हते. गोव्यात ते मोजावयाचे ठरले. १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केलाच होता. पण केवळ बहुमताच्या ठरावावर इतका मोठा प्रश्न सोडवू नये, असा विरोधकांचा आग्रह होता. अखेर केंद्र सरकारने जनमत कौलाचा मार्ग स्वीकारला.

विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या बाजूने तेव्हा एक रास्त शंका पुढे आली. मामलेदारापासून पोलिसापर्यंत सारी यंत्रणा एका पक्षकाराच्या हाती असताना कौल निर्मळ कसा होणार? विधानसभेची सुमारे दोन वर्षांची मुदत शिल्लक होती आणि सभागृहात बहुमतही होते. तरीही डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, विधानसभा बरखास्त झाली आणि राष्ट्रपती राजवट आली. यात दिल्लीचे आणि विरोधकांचे दडपण होते, हे खरे. परंतु खुर्ची सोडल्यावाचून कौलाला अर्थ राहणार नाही, हे त्यांनी मान्य केले, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. तीन लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पेडणे आणि डिचोली यांनी विलीनीकरणाला साथ दिली होती. एकूण गोव्याने दिली नाही. फरक ३४,०२१ मतांचा होता. ज्यासाठी पक्ष काढला आणि सत्ता सोडली, तेच हातचे गेले.

अशा वेळी निकालालाच दोष देऊन लोकांना रस्त्यावर उतरविणे अवघड नव्हते. भाऊसाहेबांनी ती वाट धरली नाही. ते पुन्हा निवडणुकीला सामोरे गेले. मार्च १९६७ मध्ये त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षाला सोळा जागा देऊन सत्तेवर बसविले. लोकांनी त्यांचे मत नाकारले होते. माणूस नाकारला नव्हता. भाऊसाहेबही रुसले नाहीत. ज्या केंद्रशासित गोव्याच्या विरोधात त्यांनी प्रचार केला होता, त्याच गोव्याचा कारभार त्यांनी हाती घेतला.

ते निर्दोष होते असे नव्हे. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले. त्यांच्या एकहाती कारभाराविषयी तक्रारी होत्या. १९७२ मध्ये ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्याच निवडणुकीत डिचोलीतून निवडून आलेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मंत्रिमंडळात आल्या, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाल्यावर मुख्यमंत्री झाल्या. घराण्यात सत्ता राहिली, ही टीका त्यामुळे झाली. पुढे १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र घटक राज्य झाला आणि विलीनीकरणाचा वाद इतिहासजमा झाला. विलीनीकरण योग्य होते की अयोग्य, याविषयी आजही दोन मते असतील. भाऊसाहेबांच्या त्या वेळच्या वागण्याविषयी मात्र दोन मते असण्याचे कारण नाही.

कोकण-गोमंतकात देवाला कौल लावण्याची जुनी चाल आहे. देवाच्या अंगावर कळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि कोणत्या बाजूची कळी पडते ते पाहत हात जोडून उभे राहावयाचे. कळीला हात लावावयाचा नाही, आणि मनाजोगता कौल मिळाला नाही म्हणून देवावर रागवावयाचे नाही. पेडण्याच्या या सुपुत्राने राजकारणात तीच रीत पाळली. आज जो तो नेता लोकांकडे कौल मागतो. उलटा पडलेला कौल मुकाट्याने मानणारे मात्र थोडेच आढळतात.