जमिनीचा हिशेब मांडणारे कुमारप्पा

बारडोलीचे नाव निघाले की सरदार पटेल आणि इ. स. १९२८ चा साराबंदीचा लढा आठवतो. सरकारने तेथील शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. लढ्यानंतर चौकशी होऊन ती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. जमिनीला किती झेपते, हा त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. उन्हाळ्यात आम्ही त्या तालुक्यातून जात असता तोच प्रश्न निराळ्या रूपाने समोर आला. भेंडी निघालेल्या रानात रोटाव्हेटर फिरत होता आणि काळी माती पिठासारखी उडत होती. त्या वेळी आम्हांला एका ख्रिस्ती हिशेबनिसाची आठवण झाली.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे ख्रिस्ती घराण्यात झाला. कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव त्यांनी पुढे धारण केले. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांचा धंदा चांगला चालला. १९२७ साली ते अमेरिकेस गेले. तेथे सरकारी करांचा अभ्यास करताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे कारण त्यांना आकड्यांत दिसू लागले. ९ मे १९२९ रोजी साबरमतीस गांधीजींची भेट झाली, आणि साहेबी पोशाखातला हा गृहस्थ शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला. गांधीजींनी त्यांना खेड्यांची पाहणी करावयास सांगितले. गुजराती न जाणणारा मनुष्य हे काम कसे करणार, अशी काका कालेलकरांना शंका वाटली. तरीही गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुका पालथा घातला. पीक, खर्च, कर्ज, सारा असा घरोघरचा हिशेब त्यांनी मांडला. बारडोलीने जे लढून सांगितले होते, ते मातरने आकड्यांनी सांगितले.

१९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून कुमारप्पांनी त्याचे काम अनेक वर्षे पाहिले. १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला, आणि त्या कोठडीत दोन पुस्तके तयार झाली : एक प्रभू येशूच्या शिकवणीवर, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोहोंना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकातला मधमाशीचा दाखला शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य वापरावा. माशी फुलातून मध घेते आणि घेता घेताच फुलाला फळ धरण्यास मदत करते. वाघ मात्र नुसता घेतो.

हाच नियम त्यांनी शेतीला लावला. बैल नांगर ओढतो आणि शेणही देतो. ट्रॅक्टर तेल पितो, पण मातीला परत काही देत नाही. रासायनिक खतांविषयीही ते असेच सावध होते. स्वातंत्र्यानंतर वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी शेतीचा आश्रम काढला.

नांगरणीच कमी करावी, हा आजचा विचार त्यांचा नव्हे. परंतु त्यांच्या हिशेबवहीत तो नीट बसतो. आमच्या काळ्या रानात पूर्वी नांगर काही वर्षांनी एकदा धरीत. दरसाल वखराने वरची चार बोटे माती हलवली की पुरे होई. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती आत जाते, आणि असे रान स्वतःच स्वतःला नांगरते. भाजीपाल्यात वर्षाला दोन-तीन पिके येतात आणि दर पिकाला यंत्र फिरते. मातीचा कण फुटतो. कुजलेला पाला हवा लागून लवकर संपतो, गांडुळे मरतात, खाली कठीण थर बसतो. मग पहिल्याच वळवाने वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागते. लेवीयाच्या २५ व्या अध्यायातील भूमीचा शब्बाथ आपण मुलांना शिकवतो खरा, पण इस्राएलाचा जुना नियम म्हणून पुढे सरकतो.

कुमारप्पा अविवाहित राहिले. अखेरची वर्षे त्यांनी मदुरेजवळ कल्लुपट्टीच्या आश्रमात काढली आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीसच, मद्रास येथे त्यांचा अंत झाला.

बारडोलीच्या त्या शेतकरीदादांना आम्ही विचारले, दर खेपेस यंत्र का? भाड्याचा ट्रॅक्टर दारात येतो आणि रान स्वच्छ दिसते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही सुचवले, गादीवाफे मोडू नयेत. जुनी झाडे जमिनीलगत कापून मुळे आतच ठेवावीत. वर उसाचे पाचट अंथरून रोपापुरतेच खड्डे करावेत. पाचटाला तेथे तोटा नाही, पुष्कळसे जाळलेच जाते. लव्हाळ्याचे काय, असे त्यांनी विचारले. ती अडचण खरीच आहे. लव्हाळा-हरळीचे रान प्रथम साफ करावेच लागते, आणि सुरुवातीला खुरपणी वाढते. दादांनी बांधाकडेचे दोन वाफे न मोडता ठेवले आहेत. लव्हाळा दोन्हींत आहे, असा त्यांचा निरोप आला आहे.