लोकांच्या हाती शस्त्र देणारा गव्हर्नर

१९१० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील आडगावांमध्ये एक लाल मोटार धुरळा उडवीत शिरत असे. गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवून माणसे गोळा केली जात. गर्दी जमली की भरदार अंगाचा, करारी चेहऱ्याचा एक वकील उभा राही आणि फारशी प्रस्तावना न करता एकाच विषयावर बोलू लागे. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीला राज्याच्या राजकारणातून हाकलून द्यायचे, हा तो विषय. त्या काळी प्रचाराला निघालेला उमेदवार रेल्वेनेच फिरे. या उमेदवाराचे भांडणच रेल्वेशी असल्याने त्याने मोटार निवडली होती. त्याचे नाव हायरम जॉन्सन. नोव्हेंबरमध्ये तो गव्हर्नर म्हणून निवडून आला. पुढच्या अकरा महिन्यांत त्याच्या कारकिर्दीत झालेल्या घटनादुरुस्त्यांमुळे कॅलिफोर्नियाच्या मतदाराला स्वतः कायदा करण्याचा, विधिमंडळाचा कायदा रद्द करण्याचा आणि निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठविण्याचा अधिकार मिळाला. त्या अधिकाराबद्दलचा वाद शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी मिटलेला नाही.

जॉन्सन यांचा जन्म २ सप्टेंबर १८६६ रोजी सॅक्रॅमेंटो येथे झाला. वडील ग्रोव्ह जॉन्सन नावाजलेले वकील, रिपब्लिकन पक्षाचे पुढारी, राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य आणि काही काळ अमेरिकी काँग्रेसचेही सदस्य होते. ज्या रेल्वे कंपनीविरुद्ध मुलाने पुढे जन्माची लढाई मांडली, त्याच कंपनीच्या गोटातले ते मानले जात. हायरम यांनी बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच शिक्षण सोडले आणि मिनी मॅकनील यांच्याशी विवाह केला. १८८८ मध्ये वकिलीची सनद मिळाल्यावर ते वडिलांच्याच कचेरीत कामाला लागले. पितापुत्रांचे फार काळ जमले नाही. राजकारणावरून सुरू झालेले वाद घरात शिरले आणि मुलांनी वडिलांच्या विरोधात उघड प्रचार करण्यापर्यंत मजल गेली. १९०२ मध्ये हायरम सॅन फ्रान्सिस्कोला आले.

त्या शहराने त्यांना नाव मिळवून दिले. १९०६ च्या भूकंपानंतर तेथे नगरपालिकेतील लाचलुचपतीचे खटले सुरू झाले. एब रूफ हा शहराचा खरा सूत्रधार. महापौर त्याचा, नगरसेवक त्याचे, आणि ट्रॉली कंपनीपासून सगळ्यांचे पैसे त्याच्यामार्फत वाटले जात. सरकारी बाजू फ्रान्सिस हेनी मांडत होते. १३ नोव्हेंबर १९०८ रोजी भर न्यायालयात एका माणसाने हेनी यांच्या डोक्यात गोळी झाडली. पूर्वी तुरुंगवास भोगल्याचे हेनी यांनी उघड केल्यामुळे त्या माणसाला ज्यूरीतून वगळण्यात आले होते. हेनी आश्चर्यकारकरीत्या वाचले, पण खटला पुढे नेणे त्यांना शक्य नव्हते. ती जबाबदारी जॉन्सन यांनी उचलली आणि महिनाभरात रूफ दोषी ठरला. त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. लाच देणाऱ्या बड्या कंपनीवाल्यांपैकी मात्र जवळजवळ कुणालाच तुरुंग पाहावा लागला नाही. न्यायालयाच्या मार्गाने हा रोग बरा होणार नाही, ही भावना सुधारकांत याच काळात बळावली.

सदर्न पॅसिफिकची सत्ता कशी होती, हे आज कल्पनेनेच समजून घ्यावे लागते. शेतकऱ्याचा माल बाजाराला न्यायचा तर तिच्याच गाडीने, तिच्याच दराने. विधिमंडळात कोण बसणार, न्यायाधीश कोण होणार, हे ठरविण्यासाठी कंपनीचा जणू स्वतंत्र राजकीय विभागच काम करी. फ्रँक नॉरिस यांनी १९०१ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली, तिचे नाव द ऑक्टोपस. मतदार दर निवडणुकीत मत देत होता. फक्त त्याने निवडलेला माणूस सॅक्रॅमेंटोला पोहोचेपर्यंत कुणा दुसऱ्याचा झालेला असे.

यावर उपाय म्हणून पुढे आलेली तीन साधने जॉन्सन यांनी शोधलेली नव्हती, हे सांगणे आवश्यक आहे. ठरावीक सह्या गोळा करून नागरिकांनी कायद्याचा मसुदा थेट मतदानाला टाकायचा तो इनिशिएटिव्ह. विधिमंडळाने केलेला कायदा अमलात येण्याआधी मतदारांपुढे आणायचा तो रेफरेंडम. आणि पदाधिकाऱ्याला परत बोलावायचे तो रिकॉल. स्वित्झर्लंडच्या उदाहरणावरून या कल्पना अमेरिकेत आल्या. १८९८ मध्ये साउथ डकोटाने आणि १९०२ मध्ये ओरेगनने पहिली दोन साधने स्वीकारली. लॉस एंजेलिसमध्ये जॉन रँडॉल्फ हेन्स नावाचे एक धनिक डॉक्टर वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करीत होते. १९०३ मध्ये त्या शहराच्या सनदेत रिकॉल आला तो त्यांच्याच खटपटीने. जॉन्सन यांनी या चळवळीला राज्याची सत्ता मिळवून दिली. ३ जानेवारी १९११ रोजी पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी ही साधने म्हणजे सर्व दुखण्यांवरचे रामबाण औषध नव्हे, अशी कबुलीही दिली. वेळ आलीच तर लोकांना स्वतःचे रक्षण करता यावे, इतकीच त्यांची अपेक्षा होती.

विरोध करणाऱ्यांत केवळ रेल्वेची माणसे नव्हती. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी थेट लोकशाहीकडे संशयानेच पाहिले होते. क्षणिक भावनेच्या भरात बहुमत अल्पसंख्यांवर अन्याय करील, म्हणून कायदा प्रतिनिधींच्या चर्चेतून, दोन सभागृहांतून आणि नकाराधिकाराच्या चाळणीतून जावा, ही त्यांची रचना. इनिशिएटिव्हमध्ये यातली एकही चाळणी नाही. मसुदा छापला गेला की त्यात स्वल्पविराम बदलण्याचीही सोय नाही. मतदाराने होय म्हणायचे किंवा नाही. न्यायाधीशांच्या रिकॉलवर तर रण माजले. अध्यक्ष टॅफ्ट यांनी ऑगस्ट १९११ मध्ये याच एका तरतुदीसाठी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव नाकारला. लोकांच्या रोषाला घाबरणारा न्यायाधीश न्याय कसा करणार, हा त्यांचा प्रश्न होता. रेल्वेला घाबरणारा न्यायाधीश तरी न्याय कसा करतो, हा जॉन्सन यांच्या बाजूचा प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे होते, ही त्या वादातली अडचण. थेट कायदा करण्याची पद्धत घटनेला अभिप्रेत असलेल्या प्रजासत्ताक शासनपद्धतीशी विसंगत आहे काय, हा मुद्दा ओरेगनमधून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. हा राजकीय प्रश्न आहे, तो काँग्रेसने पाहावा, असे सांगून न्यायालयाने १९१२ मध्ये अंग काढून घेतले.

१० ऑक्टोबर १९११ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एकाच दिवशी २३ घटनादुरुस्त्या आल्या आणि त्यांतील २२ मंजूर झाल्या. इनिशिएटिव्ह, रेफरेंडम आणि रिकॉल मोठ्या बहुमताने संमत झाले. स्त्रियांचा मताधिकार मात्र जेमतेम साडेतीन हजार मतांनी तरला. त्या प्रश्नावर जॉन्सन यांनी फारसा उत्साह दाखविला नव्हता. लोकांवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्या या नेत्याच्या मनातील लोक या शब्दाची व्याप्ती तेव्हाही थोडी आखूडच होती. बाकी कारभार धडाक्याचा होता. रेल्वे आयोगाला खरे अधिकार मिळाले, स्त्री कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला, कामावर जखमी होणाऱ्यांना भरपाईचा कायदा झाला. १९१२ मध्ये थिओडोर रुझवेल्ट नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन्सन होते. ते हरले, पण टॅफ्ट यांना त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ढकलले.

यानंतरचे प्रकरण त्यांच्या चरित्रकारांना नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. कॅलिफोर्नियात जपानी शेतकऱ्यांविरुद्ध वातावरण तापत होते. १९०९ मध्ये जपानी मुलांना वेगळ्या शाळांत घालण्याचे विधेयक मांडणारे आमदार होते ग्रोव्ह जॉन्सन, म्हणजे हायरम यांचे वडील. अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या दडपणामुळे ते बारगळले. पुढे १९१३ मध्ये, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, असे विधेयक विधिमंडळात आले. त्यात जपान्यांचे नाव नव्हते. पण तत्कालीन संघराज्य कायद्यानुसार नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत असल्याने नाव घेण्याची गरजही नव्हती. जपान सरकारने निषेध केला. अध्यक्ष विल्सन यांनी आपले परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना समजूत घालण्यासाठी खास सॅक्रॅमेंटोला धाडले. जॉन्सन बधले नाहीत. मे १९१३ मध्ये त्यांनी विधेयकावर सही केली. बाकी सर्व बाबतींत बापाच्या विरोधात गेलेला मुलगा या एका बाबतीत बापाच्याच वाटेने गेला.

या कायद्यात तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुभा होती, आणि अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून जन्मानेच नागरिक असलेल्या मुलांच्या नावे जमीन घेता येत होती. त्या वाटा बुजविण्यासाठी १९२० मध्ये वापरले गेले ते जॉन्सन यांनी लोकांना दिलेले शस्त्र. सह्या गोळा झाल्या, मसुदा मतपत्रिकेवर आला आणि सुमारे तीनास एक अशा प्रचंड बहुमताने संमत झाला. भाडेपट्टाही बंद झाला. त्याच निवडणुकीत जपानीविरोधाचीच राळ उडविणारे सिनेटर जेम्स फेलन मात्र पराभूत झाले. मतदाराने उमेदवार नाकारला आणि त्याचा मुद्दा ठेवून घेतला. ज्यांच्या चुलीवर हा कायदा उठणार होता, त्यांपैकी स्थलांतरित पिढीला मतदानाचाच अधिकार नव्हता. बहुमताचा कौल घेतला गेला, फक्त ज्यांच्याविषयी तो होता त्यांना वगळून.

झळ जपान्यांपुरती राहिली नाही. इंपीरियल व्हॅलीत कापूस आणि खरबुजे पिकविणारे पंजाबी शेतकरीही तिच्यात सापडले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वासाठी गोरा ठरत नाही असा निर्णय दिला आणि जमीन कायदा त्यांनाही लागू झाला. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेत जन्मलेले, १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झालेले पंडित लॉस एंजेलिसमध्ये वकिली करीत. थिंड यांच्या निकालानंतर सरकारने पंडितांचेही नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. तो त्यांनी नेटाने लढविला आणि १९२७ मध्ये अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

जॉन्सन तोवर वॉशिंग्टनमध्ये स्थिरावले होते. १९१६ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. त्या निवडणुकीची एक कथा प्रसिद्ध आहे. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार चार्ल्स इव्हान्स ह्यूज आणि जॉन्सन लाँग बीचच्या एकाच हॉटेलात एकाच वेळी उतरले होते, पण दोघांची भेट झाली नाही. जॉन्सन यांनी तो अपमान मानला. ते सुमारे तीन लाख मतांनी विजयी झाले. ह्यूज यांनी कॅलिफोर्निया चार हजारांहून कमी मतांनी गमावले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

सिनेटमधील अठ्ठावीस वर्षांत त्यांनी राष्ट्रसंघाला कडवा विरोध केला, १९२४ च्या कायद्याने जपान्यांचे स्थलांतर बंद करण्यात पुढाकार घेतला आणि कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाच्या कायद्याला आपले नाव दिले. १९३२ मध्ये पक्ष बाजूला ठेवून त्यांनी फ्रँकलिन रुझवेल्ट यांना पाठिंबा दिला. १९३७ मध्ये रुझवेल्ट सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची संख्या वाढवू पाहत होते, तेव्हा मात्र ते विरोधात उभे राहिले. न्यायाधीशांना परत बोलावण्याचा अधिकार लोकांना मिळवून देणारा माणूस आता न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठी भांडत होता. १९४५ च्या जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध परराष्ट्र समितीत एकट्या जॉन्सन यांचेच मत पडले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तोच तो दिवस.

त्यांनी दिलेले शस्त्र त्यांच्यामागे अनेकांनी परजले. १९६४ मध्ये मतदारांनी घरे विकताना आणि भाड्याने देताना भेदभाव रोखणारा कायदा मोडीत काढला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये तो कौल घटनाबाह्य ठरविला. १९७८ मध्ये मालमत्ता कर गोठविला गेला. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना रिकॉलने घरी जावे लागले. २००८ मध्ये समलिंगी विवाहांवर बंदी घालणारी दुरुस्ती संमत झाली. न्यायालयात ती टिकली नाही आणि २०२४ मध्ये मतदारांनीच ते शब्द घटनेतून काढून टाकले. २०२० मध्ये तर ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी आणि घरपोच सेवेच्या कंपन्यांनी आपल्या सोयीच्या कायद्यासाठी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली व तो मतदारांकडून मंजूर करून घेतला. लाल मोटारीतल्या वकिलाने हे पाहिले असते तर त्याचा चेहरा कसा झाला असता, याची कल्पना करता येते.

जमीन कायद्याची कथा मात्र वेगळ्या रीतीने संपली. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला तडा दिला, १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. पुस्तकातून तो पुसण्याचे काम तरीही मतदारांकडेच होते, कारण १९२० चा कायदा त्यांनीच केलेला होता. ६ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी तो रद्द केला. १९५२ च्या नव्या कायद्याने नागरिक झालेले जपानी वृद्धही त्या दिवशी मतदानाला जाऊ शकत होते. आणि त्याच दिवशी, इंपीरियल व्हॅलीचा समावेश असलेल्या मतदारसंघातून, तेथेच वर्षानुवर्षे शेती केलेले, पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले.